मार्गदर्शिका तीन आठवड्यांची, फॉर्म तीन महिन्यांचा

टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी ग्राहक डेटाच्या विश्लेषणाची मार्गदर्शिका लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी तीन आठवडे धरले होते. लागले साडेचार महिने. प्रत्यक्ष लिहिण्यात गेलेले दिवस मोजले तर ते तीन आठवडेच भरतात. बाकीचा बहुतेक वेळ एका मंजुरीच्या फॉर्मपायी गेला. अजूनही आठवलं की चिडचिड होते.

प्रकरणं ठरायला एक दुपार पुरली. डेटा साफ करणं, आरएफएम, गटवारी, शेवटी कोहॉर्टचा, म्हणजे एकाच काळात पहिली खरेदी केलेल्या ग्राहकांच्या गटांचा तक्ता. आरएफएम म्हणजे ग्राहकाने शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वी केली, किती वेळा केली आणि एकूण किती रकमेची केली, या तीन आकड्यांवरून त्याला गुण देणं. हे रोजचंच काम, त्यामुळे हात भराभर चालला.

अडलं ते उदाहरणांपाशी. वाचणाऱ्याला स्वतः करून बघता येईल असा डेटा हवा होता. मी आमच्याच व्यवहारांच्या काही हजार ओळी घेतल्या, नावं उडवली, मोबाइल नंबरचे हॅश केले, म्हणजे गणिती सूत्राने प्रत्येक नंबरच्या जागी अक्षर-आकड्यांची एक ठरावीक साखळी घातली, आणि डेटा सुरक्षेचं काम बघणाऱ्या विभागाकडे फॉर्म भरला. त्यात प्रश्न होता : ‘डेटा अनामिक आहे का? होय / नाही.’ मी ‘होय’वर खूण केली. बारा दिवसांनी फॉर्म परत आला. शेरा, ‘माहिती अपुरी.’ कोणती माहिती, ते लिहिलेलं नव्हतं.

मग सगळ्या कॉलमची यादी जोडली. पुन्हा तोच शेरा. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, जे काही आहे ते फॉर्ममध्येच लिहा, फोनवरचं आम्हाला धरता येत नाही.’ तिसऱ्या खेपेला पत्ते काढून टाकले. दर वेळी फॉर्मला नवा क्रमांक पडायचा आणि तो रांगेच्या शेवटी जायचा. म्हणजे एका कॉलमच्या दुरुस्तीसाठी पुन्हा दोन-तीन आठवडे थांबायचं. इकडे मार्गदर्शिकेची चार प्रकरणं लिहून तयार, आणि एकातही दाखवायला तक्ता नाही.

चौथ्यांदा फॉर्म परत आल्यावर मी सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसले. तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. मोबाइल नंबर दहा आकडी. शक्य असलेले सगळे नंबर ओळीने घेऊन प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि आपल्या यादीशी जुळवायचा, साध्या संगणकालाही हे जमतं. म्हणजे हॅश हे नुसतं टोपणनाव झालं, मूळ नंबर शोधून काढता येतो. युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदासुद्धा असा टोपणनावं दिलेला डेटा वैयक्तिकच मानतो. शिवाय मी जन्मतारीख आणि लिंग तसंच ठेवलं होतं. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा कोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखू येण्याची शक्यता आहे. माझ्या पहिल्या फाइलमध्ये पत्त्यासकट या तिन्ही गोष्टी होत्या.

मला ते पूर्णपणे पटलं. त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि माझी खूण चुकीची होती. पण हीच दोन वाक्यं पहिल्याच शेऱ्यात लिहिली असती, तर माझे जवळजवळ तीन महिने वाचले असते. ‘माहिती अपुरी’ एवढं लिहून माणसाला परत पाठवणं मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

त्यानंतर मी बनावट डेटा तयार करून पाहिला. त्याला मंजुरी लगेच मिळाली, पण तो शिकवायच्या कामाचा नव्हता. सगळे ग्राहक एकसारखे. ना कुणी माल परत करतो, ना कुणाचा क्रमांक गहाळ होतो. गटवारी केली तर गटांत फरकच दिसेना.

शेवटी यूसीआयच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या खुल्या संग्रहातला ‘ऑनलाइन रिटेल’ डेटा घेतला. श्रेय देऊन कुणालाही वापरता येतो. ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन विक्रेत्याचे डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०११ मधले व्यवहार, ५,४१,९०९ ओळी, आठ कॉलम. त्यातल्या १,३५,०८० ओळींत ग्राहक क्रमांकच नाही. या रिकाम्या जागांमुळे पांडाजमध्ये (पायथॉनमधली डेटा हाताळायची लायब्ररी) १७८५० हा क्रमांक १७८५०.० असा दिसतो आणि दुसऱ्या तक्त्याशी जुळवताना मजकूर म्हणून जुळत नाही. शिकणाऱ्याला हे एकदा तरी भेटायलाच हवं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे ग्राहक क्रमांक १२३४६. १८ जानेवारी २०११ रोजी सकाळी १० वाजून १ मिनिटाने या ग्राहकाने ७४,२१५ बरण्या मागवल्या, किंमत ७७,१८३.६० पौंड. १० वाजून १७ मिनिटांनी ऑर्डर रद्द. रद्द झालेल्या बिलांचा क्रमांक ‘सी’ने सुरू होतो, म्हणून बरेच जण तेवढ्या ओळी गाळून पुढे जातात. मग मूळ खरेदी मागे उरते आणि ज्याने काहीच घेतलं नाही तो ग्राहक सर्वांत मोठ्या ग्राहकांच्या पंक्तीत बसतो. साफसफाईचं अख्खं प्रकरण मी या दोन ओळींभोवती नव्याने लिहिलं आणि मार्गदर्शिकेतलं तेच सर्वांत चांगलं झालं आहे.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं. शेवटच्या खरेदीला किती दिवस झाले, ते आजच्या तारखेपासून मोजू नका. डेटातल्या शेवटच्या तारखेचा पुढचा दिवस धरा, नाहीतर वाचणाऱ्याचे आकडे तुमच्या छापील तक्त्याशी कधीच जुळणार नाहीत. खरेदीच्या संख्येचे पाच समान भाग करताना क्यूकट हे पांडाजमधलं भाग पाडणारं फंक्शन अडतं, कारण एकदाच खरेदी केलेले ग्राहक फार असतात. आधी क्रमवारी लावून मग भाग पाडा असा उपाय सगळीकडे सांगतात. त्याने चूक दिसेनाशी होते, पण एकदाच आलेल्या दोन ग्राहकांना वेगवेगळे गुण मिळतात. मी सीमा हाताने ठरवल्या : एक, दोन, तीन ते पाच, असं पुढे.

आणि नमुन्याचा डेटा पहिल्या दिवशी ठरवा, प्रकरणांच्या यादीच्याही आधी.

फॉर्ममधल्या त्या प्रश्नाखाली ‘हॅश केलेला मोबाइल नंबर अनामिक धरला जात नाही’ एवढी एक ओळ घाला, अशी लेखी सूचना मी दिली आहे. तिलाही क्रमांक पडला आहे आणि दर सोमवारी मी तिची चौकशी करते.