तुम्ही विचारलेत म्हणून : शांडोंगच्या जेवणाच्या टेबलाविषयी

रासायनिक कारखान्यांना लागणारी यंत्रसामग्री चीनमधून मागवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ओळखीतले कोणी पहिल्यांदा तिकडे निघाले की मला हमखास विचारतात, "तिथे वागायचे कसे, तेवढे सांगा." विचारणाऱ्याला बहुधा एक यादी हवी असते, आणि ती छोटीच आहे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे. भेट म्हणून घड्याळ नेऊ नये. भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) उभ्या रोवू नयेत, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. चार हा आकडा अशुभ आणि आठ शुभ, इतका शुभ की बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री आठ वाजता ठेवण्यात आले. यातले काही चुकले तरी परदेशी माणसाला कोणी फारसे बोल लावत नाही, आणि हल्ली कार्डांची जागाही बऱ्याच ठिकाणी वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवरचा क्यूआर कोड घेऊ लागला आहे. ज्याच्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे ती गोष्ट यादीत मावत नाही. तिथे बोलणी सुरू होण्याआधी प्रत्येकाची जागा ठरते, आणि ती कशी ठरते हे ज्याला वाचता येते त्याला पुढचे बरेचसे आपोआप कळत जाते.

माझे उदाहरण शांडोंग प्रांताचे आहे, कारण ग्लास लाइन्ड रिॲक्टर, म्हणजे रासायनिक प्रक्रियेसाठीचे आतून काचेचा थर दिलेले पात्र, घ्यायचा म्हणजे त्या प्रांतातल्या झिबो शहराचे नाव निघतेच. याच प्रांतातल्या छुफू येथे इसवी सनापूर्वी ५५१ मध्ये कन्फ्यूशियसचा जन्म झाला. बसायची चटई सरळ अंथरलेली नसेल तर ते बसत नसत, आणि गावकऱ्यांबरोबर मद्यपानाला बसल्यावर काठी टेकणारी वडीलधारी मंडळी उठून गेल्याशिवाय स्वतः उठत नसत, असे त्यांच्या शिष्यपरंपरेने नोंदवून ठेवले आहे. १४० कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात सगळीकडे एकच रीत असेल अशी अपेक्षा करू नये. दक्षिणेकडच्या ग्वांगडोंगमधला व्यापारी चहा ओतणाऱ्याचे आभार टेबलावर दोन बोटे वाजवून मानतो आणि लगेच कामाचे बोलू लागतो. शांडोंगचा काटेकोरपणा मात्र इतर प्रांतांतल्या लोकांच्याही थट्टेचा विषय असतो, आणि तिथे निभावले तर इतरत्र अडचण येऊ नये.

जेवण बहुतेकदा हॉटेलातल्या स्वतंत्र खोलीत, गोल टेबलावर होते. गोल टेबलाला शेवट नसतो म्हणून सगळ्या खुर्च्या सारख्याच, असा आपला समज होतो आणि नवखा पाहुणा जवळची खुर्ची ओढून मोकळा होतो. प्रत्यक्षात दाराकडे तोंड असलेली मधली खुर्ची मुख्य यजमानाची असते, आणि ती ओळखता यावी म्हणून बऱ्याच हॉटेलांत तिच्यापुढचा नॅपकिन इतरांपेक्षा उंच घडी घालून ठेवलेला असतो. त्याच्या उजव्या हाताला प्रमुख पाहुणा आणि डाव्या हाताला दुसरा पाहुणा बसतो. मुख्य यजमानाच्या अगदी समोर, दाराकडे पाठ करून उपयजमान बसतो आणि त्याच्या उजवी-डावीकडे तिसऱ्या व चौथ्या पाहुण्याची सोय होते. म्हणून खोलीत शिरल्यावर बसवले जाईपर्यंत उभे राहावे. सन्मानाची जागा पुढे केली की एकदोनदा नको म्हणावे आणि मग बसावे. फार ताणून धरले तर मागे उभ्या असलेल्या सगळ्यांचा खोळंबा होतो.

ही व्यवस्था पाहुण्याच्या फार उपयोगाची आहे. कारखान्यात सकाळपासून तुमच्याशी इंग्रजीत बोलणारा, हसतमुख, सगळ्याला होकार देणारा तरुण विक्री अधिकारी संध्याकाळी कुठे बसतो ते पाहावे. तो दाराजवळ बसून सगळ्यांच्या कपात चहा ओतत असेल, तर त्याने दिवसभर दिलेल्या होकारांचे वजन तेवढेच. दिवसभर एक शब्दही न बोललेले, जुने जाकीट घातलेले गृहस्थ दाराकडे तोंड करून बसले, तर भाव ठरवणारे ते. संबोधनांतूनही हे उलगडते. आडनाव आधी येते आणि त्याला पद जोडले जाते. वांग आडनावाच्या प्रमुखाला 'वांग त्सोंग' म्हणतात, आणि उपप्रमुखालाही त्याच्या तोंडावर उप न लावता त्सोंगच म्हणतात. दोघेही एकाच खोलीत असले की आपली पंचाईत होते. अशा वेळी टेबलाकडे पाहावे.

पहिला प्याला मुख्य यजमान उचलतो. प्याला उचलून पिण्याच्या त्याच्या आवाहनांची फेरी संपली की उपयजमानाची फेरी सुरू होते, आणि या दोन्ही फेऱ्या पूर्ण होईपर्यंत पाहुण्याने आपण होऊन प्याला उंचावणे म्हणजे मधेच बोलण्यासारखे असते. नंतर एकेकट्याने जाऊन प्याला भिडवायची पाळी येते, आणि तेव्हा वयाने किंवा पदाने मोठ्या असलेल्या माणसाच्या प्याल्याच्या कडेपेक्षा आपल्या प्याल्याची कड खाली ठेवतात. दोघांनीही नम्रता दाखवायचे मनावर घेतले की दोन्ही प्याले उतरत उतरत टेबलाला टेकतात. अख्खा मासा येतो तो तोंड प्रमुख पाहुण्याकडे करून ठेवला जातो. शांडोंगमध्ये त्या तोंडासाठी आणि पलीकडच्या शेपटीसाठीही प्यावे लागते, आणि पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय इतर कोणी त्या माशाला हात लावत नाही.

हे पेय म्हणजे बाइज्यू, धान्यापासून गाळलेली दारू. तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. पाहुण्याला आग्रह करकरून पाजणे मला कधीच आवडले नाही आणि ते तिथल्या अनेक तरुणांनाही आवडत नाही. सरकारनेही हात आखडता घेतला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अधिकाऱ्यांच्या उधळपट्टीवर निर्बंध आले आणि मे २०२५ मधल्या सुधारित नियमांनी सरकारी कामकाजाच्या जेवणात मद्यच बंद केले. खासगी कंपनीच्या टेबलावर ही बंदी लागू नाही. न पिणाऱ्याने पहिला प्याला भरण्याआधीच तसे सांगावे आणि प्रत्येक आवाहनाला चहाचा कप उंचावावा. ते पूर्णपणे मान्य असते. दोन प्याले घेऊन तिसऱ्याला नाही म्हणणे मात्र मान्य नसते, कारण मग तो नकार दारूला न राहता माणसाला होतो. आपल्या पंगतीतल्या जिलबीच्या आग्रहासारखेच हे आहे, पानात एक पडली की दुसरी चुकत नाही.

शाकाहाराचेही असेच. पदार्थ यजमान निवडतो आणि ताट पाहुण्याला आवडले नाही तर कमीपणा यजमानाला येतो. त्यामुळे आपण काय खात नाही हे दोन दिवस आधी त्याच्या कार्यालयाला लिहून कळवावे, आणि मांस, मासे, अंडी, हाडांचा रस्सा अशी नावे घेऊन कळवावे. नुसते शाकाहारी म्हटले तर भाजीवर खिमा पेरून येण्याची शक्यता राहते.

जेवताना भावाचे बोलू नये, आणि मालाविषयीची तक्रार तर मुळीच काढू नये. चारचौघांत, विशेषतः हाताखालच्या लोकांसमोर, ज्याचे चुकले असे दिसेल तो माणूस पुढे तुमच्याशी गोड बोलेल, पण तुमचे काम अडेल. रिॲक्टरच्या काचेचा थर कुठे पातळ आढळला तर ते त्यांच्या अभियंत्याला बाजूला घेऊन, मोजमापाचा कागद दाखवून सांगावे. तोच मुद्दा त्याच्या वरिष्ठासमोर मांडला तर थर पातळ नाही हे सिद्ध करण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. स्पष्ट नकारही तिथे क्वचित ऐकू येतो. 'आम्ही यावर अभ्यास करतो' हे उत्तर मिळाले आणि त्याला तारीख जोडलेली नसली, तर दुसरा पुरवठादार शोधायला लागावे.

करारावर सहीपेक्षा लाल शिक्का महत्त्वाचा. कंपनीचा मुख्य शिक्का गोल असतो, मधोमध पंचकोनी तारा असतो आणि त्याची नोंद पोलीस यंत्रणेकडे केलेली असते. करार अनेक पानांचा असेल तर पाने पंख्यासारखी पसरून त्यांच्या कडांवरून एकच शिक्का मारतात, म्हणजे मधले पान बदलले तर लगेच कळते. शिक्का ज्याच्या हाती त्याच्या हाती कंपनी, हे तिथे शब्दशः घेतले जाते. एप्रिल २०२० मध्ये 'डांगडांग' या ऑनलाइन पुस्तकविक्री कंपनीचे सहसंस्थापक ली क्वोछिंग, पत्नीशी कंपनीच्या ताब्यावरून वाद चालू असताना, काही माणसे घेऊन कार्यालयात आले आणि कंपनीचे शिक्केच घेऊन गेले. तेव्हा शिक्क्यावरचे कंपनीचे नाव करारातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे चिनी वाचता येणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

वेळापत्रकाचे थोडक्यात सांगतो. तिथल्या पारंपरिक पंचांगातही चांद्रमास असतात आणि अधिक मास येतो. म्हणून वसंतोत्सव, म्हणजे त्यांचे नववर्ष, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान सरकत असते. कामगार त्याआधीच गावाकडे निघू लागतात आणि कारखाना पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे जातात, त्यामुळे जानेवारीत दिलेली ऑर्डर मार्चमध्ये दिली असे समजावे. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून आठवडाभर सुट्टी असते.

मराठी माणसाला टेबलावर अचानक उठून बोलावे लागण्याचा एक प्रसंग मात्र ठाऊक असावा. भारतातून आलात म्हटल्यावर एखादे वयस्कर यजमान 'ख दिह्वा' यांच्या नावाने प्याला उचलतात. हे म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते. जपानविरुद्धच्या युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. शांडोंगला लागून असलेल्या हेबेई प्रांतात, शिज्याज्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. अशा वेळी बसून मान डोलावणे बरे दिसत नाही. उभे राहावे, प्याला दोन्ही हातांनी धरावा आणि ते आमच्या महाराष्ट्रातले, सोलापूरचे, एवढे तरी सांगावे.

यजमानाचे जेवण झाल्यावर परतफेड आपल्याकडे येते. ती तिथेच करता आली नाही तर मंडळी मालाच्या तपासणीसाठी भारतात येतात तेव्हा करावी. संध्याकाळचे जेवण त्यांना सहा-साडेसहाला लागते, आणि आपण त्यांना नऊ वाजता हॉटेलात नेऊन साडेनऊला सूप मागवतो. तसे करू नये. पाण्यात बर्फ घालू नये, कोमट किंवा गरम पाणी ठेवावे. थाळीबरोबर चमचा द्यावा. आणि त्यांच्यातल्या ज्येष्ठ माणसाला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवू नये.