लॉटरी लागली आणि आमचं घोडं ‘बाई’पाशी अडलं

सासूबाईंना महाराष्ट्र राज्य लॉटरीचं एक लाखाचं बक्षीस लागलं. बातमी पचायच्या आत त्यांनी जाहीर केलं, “वाशीला जायचंच आहे तर दोन दिवस मुंबई बघून येऊ.” दहा हजारांपर्यंतचं बक्षीस तिकीटविक्रेताच देतो, त्यावरचं असलं की वाशीची कचेरी. शुक्रवारी काम, शनिवार-रविवार मुंबई, असा बेत. दादरला खोलीही ठरवली.

आणि मग आमची बँक.

बक्षीस खात्यात येतं, म्हणून पासबुक काढलं. त्यावर नाव ‘सुशीलाबाई’. पॅन आणि आधारवर नुसतं ‘सुशीला’. तिकिटामागे आईंनी आधीच झोकात सही केली होती, तीही बाई न लावता. मी म्हटलं, एवढं काय, बँकेत सांगू. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “खातं बंद दिसतंय.” दोन वर्षं काहीच व्यवहार नाही, म्हणून निष्क्रिय. केवायसी करा. केली. आता ‘बाई’ काढायचा अर्ज. तो दिला, तर नोटरीचं प्रतिज्ञापत्र आणा. आणलं, तर साहेब रजेवर. साहेब आले, तर सर्व्हर डाऊन. सर्व्हर आला तेव्हा जेवणाची सुट्टी. चौथ्या फेरीला साहेबांनी आईंकडे बघून विचारलं, “सुशीलाबाई आणि सुशीला एकच कशावरून?” आई म्हणाल्या, “अरे, मला हाक मारून बघ की!”

या भानगडीत खोलीचं बुकिंग दोनदा पुढे ढकललं. दुसऱ्या वेळी ॲडव्हान्स बुडाला तो बुडालाच. रोज रात्री मी तिकीट डब्यातून काढून बघायची, कारण मुदत चालू होती. (तिकिटाच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स पहिल्याच दिवशी काढून ठेवा. मला हे तिसऱ्या दिवशी सुचलं.) सतराव्या दिवशी नवं पासबुक हातात पडलं. त्यावर पत्ता चुकलेला होता, पण मी तोंडातून ब्र काढला नाही.

वाशीत अर्ध्या तासात काम झालं, त्यावर काय लिहिणार? एसटीनं गेलो, दोघींना अर्धं तिकीट. बायकांना 2023 पासून आहेच.

मुंबईत आईंना गेटवे आणि घारापुरी बघायची होती. लाँचला तासभर लागतो, वर शंभराहून जास्त पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, पण आई बसल्या नाहीत. त्रिमूर्तीसमोर पाच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, “हे बघायला लॉटरी लागायची गरज नव्हती गं.” सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा मुक्काम वाढवायचा असेल तर ती आधी उरका.

हो, कराचं राहिलंच. लाखातले तीस हजार आधीच कापले जातात, हातात सत्तर. चार टक्के सेस, म्हणजे आणखी बाराशे, रिटर्न भरताना द्यावा लागतो. उत्पन्न कितीही कमी असलं तरी लॉटरीच्या पैशांना करातून सूट नाही. मुंबईत खर्च करताना हे सत्तरातून वजा धरा. आम्ही धरलं नव्हतं.

पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून फोन. तेच साहेब, आवाजात साखर: “सुशीलाबाई, एफडी करताय ना?”

आईंनी फोन माझ्या हातात दिला. “याला सांग, इथं त्या नावाचं कोणी राहत नाही.”