खूण कुठेच नव्हती

कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. पावसाळ्यात रात्रीअपरात्री दार वाजतंच. कुणाला ताप, कुणाला दमा, कधी फीट. त्या पहाटे मुली सांगत आल्या, "मॅडम, हिच्या पोटात खूप दुखतंय. काल बाहेर मिसळ खाल्ली होती."

मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. रात्री लाइट गेलेली, उकाड्यानं तिघी खाली गाद्या टाकून झोपलेल्या. तिला म्हटलं, वर बघ. पापण्या अर्ध्यावरच अडकल्या. बोलणं जड, नाकातून येणारं. मिसळीनं पोट बिघडेल, पण पापण्या कशा पडतील? माझ्या मनात एकच नाव आलं, मण्यार.

मण्यार रात्री फिरते. तिचे दात इतके बारीक असतात की झोपलेल्या माणसाला पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या, घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

वॉचमनकाका काठी घेऊन कॉटखाली साप शोधायला लागले. "काका, साप राहू दे, गाडी काढा!" मैत्रिणीनं पाणी आणलं, तेही परत पाठवलं; तिला थुंकी गिळता येत नव्हती, पाणी सरळ श्वासनलिकेत गेलं असतं. १०८ ची गाडी तालुक्याहून यायची होती, म्हणून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. सापाची लस आहे का, आणि अँब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी? दोन्ही होतं. "इकडेच आणा, १०८ लाही इकडेच बोलवा," ते म्हणाले.

गाडीत तिला कुशीवर निजवलं आणि एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. श्वासाच्या स्नायूंत किती जोर उरलाय ते यावरून कळतं. आधी बावीसपर्यंत गेली. घाट उतरल्यावर चौदा. आरोग्य केंद्राच्या फाटकाशी नऊ. प्रत्येक आकडा मी वेळेसकट पेनानं तळहातावर लिहिला होता. डॉक्टरांनी तो हात पाहिला, पापण्या पाहिल्या आणि सिस्टरना लसीच्या १० बाटल्या काढायला सांगितल्या. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे कोणता साप हे ठरेपर्यंत थांबावं लागत नाही.

पुढे १०८ मधले डॉक्टर बॅग दाबत तिला जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेले. काही दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. लस रक्तातलं विष आवरते, पण मज्जातंतूंच्या टोकाशी झालेली इजा भरून यायला वेळ लागतो. तोवर श्वास चालू ठेवणं हाच खरा उपचार. आयसीयूबाहेर वडील मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "मॅडम, पण चावल्याची खूण कुठंय?" ती शेवटपर्यंत कुणालाच सापडली नाही. खुणेची वाट पाहिली असती, तर ती आज सेमिस्टरची परीक्षा देत नसती.

आता तळमजल्यावर सगळ्यांना मच्छरदाण्या दिल्या आहेत. त्या गादीखाली नीट खोचल्यात ना, हे मी रात्री फिरून बघते. रात्रपाळीच्या प्रत्येकाकडे आरोग्य केंद्राचा नंबर आहे, आणि गाडीची चावी वॉचमनकाकांच्या केबिनमध्येच असते. तीन खोल्यांत अजून कॉट पुरेसे नाहीत. येत्या बैठकीत तो विषय मी पहिलाच मांडणार आहे.