काकवीचा हिशोब लागला, खोट मापाच्या कपातच होती

मागच्या नोंदीत अडलेला आकडा सुटला. कपाचे ग्रॅम सांगणाऱ्या तक्त्याप्रमाणे 1 कप मध 340 ग्रॅम भरायला हवा, पण स्टीलच्या कपात तो दर वेळी 325 वर थांबत होता. त्याच कपात काठोकाठ पाणी भरून वजन केलं, तर 229 ग्रॅम. कपावर कोरलंय 240 मिली, मावतं 230. 325 भागिले 229 म्हणजे 1.42, मधाची नेहमीची घनता. तेव्हा नवा कप आणला की आधी पाण्याने तपासा. पाणी काठावर फुगून राहतं, त्यावरून काचेची पट्टी सरकवा. 30 अंशांच्या पाण्याने फरक पडतो फक्त 1 ग्रॅमचा, तो सोडून द्या.

आता काकवी. त्याच कपात 302 ग्रॅम, म्हणजे घनता 1.32, ब्रिक्स (वजनात विरघळलेल्या साखरेचे टक्के) सुमारे 66. पडताळा रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबातून ब्रिक्स दाखवणाऱ्या यंत्राने घेतला. 0 ते 32 च्या यंत्रावर काकवी थेट वाचता येत नाही, म्हणून वजनाने 1 भाग काकवी, 3 भाग पाणी. वाचन 16.5, गुणिले 4, म्हणजे 66. पातळ करताना झालेली चूकही चौपट होते, म्हणून इथे 0.1 ग्रॅमचा छोटा काटाच हवा. (10 रुपयांचं नाणं ठेवून पाहा, 7.7 च्या आसपास दाखवायला हवं.)

कप रिकामा केल्यावर आत 11 ग्रॅम काकवी चिकटून राहिली. इंदुरात जानेवारीच्या पहाटे मधाचं तर याहून जास्त राहतं. त्यावर उपाय एकच: बरणीच काट्यावर ठेवून शून्य करा आणि चमच्याने काढत जा. उणे 21 दिसलं की 1 मोठा चमचा मध निघाला. मात्र 2 मिनिटांत आपोआप बंद पडणारा काटा या कामाला घेऊ नका, हिशोब मध्येच पुसला जातो.

आल्याच्या बिस्किटांचं पीठ सैल का पडतं, तेही यातच सापडलं. कृतीत अर्धा कप मोलॅसिस (काकवीसारखाच, पण जास्त दाट उसाचा पाक), म्हणजे 168 ग्रॅम. त्यात पाणी 22 टक्के, घन भाग 131 ग्रॅम. वजनाला वजन लावून 168 ग्रॅम काकवी घातली की पाणी 37 चं 57 ग्रॅम होतं आणि गोडवा मात्र घटतो. घन भाग जुळवायचा तर काकवी 198 ग्रॅम लागते आणि कृतीतलं दुसरं पाणी किंवा दूध 30 ग्रॅमने कमी करावं लागतं.

आधी बेत होता सगळ्या कपांचा नवा तक्ता करायचा. हे लिहिता लिहिता तो बाजूला ठेवला, कारण त्याहून सोपी वाट दिसतेय: काकवीच आटवायची. 200 ग्रॅम काकवी 169 वर आणली की ब्रिक्स 78, मोलॅसिसइतकाच. पातेलं खोलगट घ्या, फेस भराभर चढतो; आच मंद ठेवा, तळ पटकन लागतो. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवलं तर आकडा सरकत राहतो, म्हणून आधी लाकडी पाट ठेवून शून्य करा. गार झाल्यावर पुन्हा 1 ला 3 पातळ करून वाचन घ्यायचं. ते 19.5 च्या जवळ आलं, तर पुढचा ट्रे याच काकवीचा.