डॉक्टरेट नको म्हणणारा माणूस

"डॉक्टरेट नाकारली? डोकं फिरलं होतं का त्याचं?" डबा खाताना मित्र म्हणाला. विषय होता जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी.

१९११. सोसेकी पोटाच्या दुखण्यानं इस्पितळात. न विचारताच सरकारनं पदवी जाहीर केली. त्यानं कळवलं, आजवर साधा नात्सुमे म्हणून जगलो, पुढंही तसंच जगायचंय. शिक्षण खातं म्हणे, आता रद्द होत नाही. हा म्हणे, घेत नाही. बसा!

१९०७ मध्येही टोकियोच्या विद्यापीठातली नोकरी सोडून गडी 'आसाही' वर्तमानपत्रात क्रमशः कादंबऱ्या लिहायला गेला होता.

आपल्याकडे तर पदवी मिळायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागतो.

१९८४ मध्ये जपाननं त्याला थेट हजार येनच्या नोटेवर छापलं. आता नको म्हणायला तो कुठून येणार?