तिथीची पाऊणपट आणि डब्लिनचे पक्षी

डब्लिनला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी तिथल्या खाडीतल्या बुल आयलंड या बेटावर पक्षी बघायला गेले आणि गेले ती नेमकी ओहोटीला. नवीन दुर्बीण, थर्मास, दोन स्वेटर, सगळी जय्यत तयारी, आणि समोर काय तर नुसता चिखल. पक्षी होते, नाही असं नाही, पण इतके लांब की मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसत होते, त्यात वारा असा की दुर्बीण एका जागी धरवेना. हर्णैच्या मुलीने भरती-ओहोटी न बघता समुद्रावर जावं, म्हणजे लाजच की!

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसतच सुटले. म्हणाले, अगं तिथीची पाऊणपट विसरलीस का? कोकणात ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते: जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा. मी म्हटलं बाबा ते आपल्याकडे, हे आयर्लंड आहे, इथला समुद्र वेगळा, तुमचं गणित इथे कसं चालेल. तरी गंमत म्हणून भरती-ओहोटीच्या अॅपमधल्या वेळांशी ताडून बघितलं आणि थक्क झाले. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास डब्लिनलाही भरती दुपारी बाराच्या सुमारास, अगदी मुंबईसारखी! अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गणित चालतं. (योगायोग आहे हं, सगळीकडे नाही चालणार.) फक्त उन्हाळ्यात घड्याळं पुढे जातात तेव्हा एक तास मिळवायचा.

तेव्हापासून फ्रिजवरचं मराठी कॅलेंडर हेच माझं पक्षी-कॅलेंडर. परवाच्या शनिवारी तृतीया होती, म्हणजे सव्वादोन, म्हणून मी बारालाच कॉजवेवर, म्हणजे बेटाला जोडणाऱ्या भरावाच्या रस्त्यावर, जाऊन उभी. भरतीच्या आधीचे दोन तास खरे. पाणी चढत जातं तसतसा चिखल कमी होतो आणि लांबचे ते मोहरीचे दाणे आपसूक तुमच्याकडे सरकत येतात. रेडशँक, डनलिन, आइसलँडहून हिवाळ्यापुरते आलेले गॉडविट, कडेला थापट्या आणि तलवार बदकं, ही दोघं तर आपल्या भिगवणची ओळखीची मंडळी. मधेच एक बहिरी ससाणा आला आणि नॉट पक्ष्यांचा अख्खा थवा धुरासारखा उठला, एकदा पांढरा एकदा करडा, आणि सगळे बघे एकदम गप्प.

हे बेट तसं लहान वयाचं, जेमतेम २०० वर्षांचं. बंदराच्या तोंडाशी वाळू साचून जहाजं अडायची. बाउंटी जहाजावरच्या बंडामुळे गाजलेला कॅप्टन ब्लाय, त्याने १८०० च्या सुमारास या खाडीचा सर्व्हे केला होता. पुढे १८२५ च्या आसपास बंदराच्या उत्तरेची समुद्रातली भिंत पूर्ण झाली, ओहोटीच्या जोराने वाळू बाहेर ढकलली जाऊ लागली आणि ती भिंतीच्या मागे साचत साचत पाच किलोमीटरचं बेट झालं. १९३१ पासून पक्षी अभयारण्य आहे. मी उभी राहते तो कॉजवे मात्र १९६४ चा.

पण माझा जीव ब्रेंट गीजवर, म्हणजे इथे हिवाळ्यात येणाऱ्या रानहंसांवर. कॅनडाच्या पार उत्तरेकडून निघून ग्रीनलँडचा बर्फ ओलांडून, आइसलँडला थांबून हे लोक ऑक्टोबरात येतात, एप्रिलपर्यंत राहतात. आधी चिखलातलं ईलग्रास हे समुद्री गवत खातात, ते संपलं की सरळ शहरातल्या फुटबॉलच्या मैदानांवर. एवढा प्रवास करून येऊन गोलपोस्टशेजारी गाईगुरांसारखे चरत बसतात आणि आपसात घोगरं घोगरं बोलत असतात, लग्नघरात मागच्या पडवीत बायका बसल्यात असं वाटतं. एक मोकळा सोडलेला कुत्रा धावला की सगळे हवेत. पट्टा घरी ठेवून येणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, लिहायला लागले तर पोस्ट लांबेल.

आणि हो, बगळा! आपला खाडीतला साधा पांढरा लहान बगळा. आयर्लंडमध्ये त्याने पहिलं घरटं केलं १९९७ साली, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना अजून त्याचं अप्रूप. शेजारचे एक आजोबा स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून, दाखवत होते, बघ बघ किती देखणा, आणि मी मान डोलावत होते. गावी असताना मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं त्याच्याकडे. स्कोपमधून नीट बघितला, काळे पाय आणि खाली पिवळेजर्द पंजे, मोजे घातल्यासारखे. खरंच देखणा आहे की.

पुढच्या शनिवारी दशमी. म्हणजे साडेसात, आणि इथे सध्या सकाळी आठपर्यंत अंधारच असतो. झोपायला मोकळी.