7,600 रुपये, 5 ते 8 तारीख

रविवार, रात्रीचे साडेअकरा. आज उपासनेनंतर पंचांची मीटिंग झाली आणि दोन आठवडे जे मनात घेऊन फिरत होतो ते एकदाचं सांगून टाकलं.

3 तारखेला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण होता. मुंबईत शेत कुणाचं नाही, लोक दादर मार्केटमधून भोपळा, ऊस, नारळ आणतात, कुणी घरच्या लोणच्याची बरणी, कुणी केक, आणि मग लिलाव. मला लहानपणापासून हा लिलाव फार आवडतो, एकच नारळ तीन जण घेतात आणि परत अर्पण करतात, 40 चा नारळ 900 वर जातो. यंदा खजिनदार मी. ऐन लिलावात मंडळीच्या खात्याचा क्यूआर कोड चालेना, लोक मोबाईल धरून उभे, म्हणून मी म्हटलं माझ्या नंबरवर जीपे करा, उद्या मी टाकतो मंडळीच्या खात्यात. 11,640 रुपये आले. वहीत नावासकट यादी लिहिली.

सोमवारी राहिलं. कामावरून भांडुपला घरी पोचायलाच दहा वाजले. मंगळवारी 5 तारीख, घराचा हप्ता 13,800 आपोआप कापला जातो, आणि खात्यात माझे स्वतःचे होते फक्त 6,200 कारण मुलाच्या क्लासची फी नुकतीच भरली होती. म्हणजे 7,600 रुपये मंडळीचे गेले. मेसेज आला तेव्हा मी लोकलमध्ये होतो, घाटकोपर जवळ आलं होतं, आणि खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं, हप्ता बाउन्स झाला नाही म्हणून. ते हायसं वाटणंच आता सगळ्यात जास्त टोचतंय.

7 ला पगार झाला, 8 ला पूर्ण 11,640 मंडळीच्या खात्यात टाकले. ट्रस्टचं ऑडिट दरवर्षी होतं, रिपोर्ट चॅरिटी कमिशनरकडे वरळीला जातो, पण त्यात हे कधीच सापडणार नाही, तिथे एवढंच दिसणार की 8 तारखेला जमा. बायको म्हणाली, अहो तीन दिवसांचा तर प्रश्न होता, परत टाकलेत ना, मग झालं. मीही स्वतःला तेच सांगत होतो, देवाला माझं मन माहीत आहे.

पण परवा बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र वाचत होतो, आठवा अध्याय. यरुशलेमच्या गरिबांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करतोय, आणि ते पैसे न्यायला तो त्याचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतो. का, तर या मोठ्या रकमेवरून कुणी आमच्यावर दोष ठेवू नये, आणि जे योग्य ते फक्त प्रभूसमोर नाही, माणसांसमोरही. हे शेवटचं मी कितीदा वाचलं असेन पण कधी लागलं नव्हतं. देवाला माहीत आहे हे मी म्हणत होतो ते माणसांना सांगायला लागू नये म्हणून म्हणत होतो. पौलावर विश्वास नव्हता असं थोडंच आहे, तरी त्याने सोबत माणूस घेतला! आणि मी एकट्याने फोनवर घेतले.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा म्हटलं की आपल्याला चांदीची तीस नाणी आठवतात. पण त्याच्या आधी योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात डबी आहे, सगळ्यांच्या पैशांची, ती त्याच्याकडे असायची आणि तो तिच्यातून घ्यायचा. पहिल्यांदा घेतले तेव्हा तोही परत टाकू म्हणाला असेल का, माहीत नाही, पण रात्री हा विचार आला की झोप उडते.

आणि त्या यादीत मावशींचे 150 होते. विधवा, घरकाम करतात, लिलावात त्यांनी नारळ 300 ला घेतला, म्हणाल्या दोन हप्त्यांत देते, पहिला हप्ता भाच्याने जीपे केला. मंदिराच्या भांडारासमोर बसून येशूने जिच्या दोन टोल्या, अगदी कमी किमतीची नाणी, पाहिल्या ती गरीब विधवा डोळ्यासमोर येते, आणि त्या 150 ने माझ्या घराचा हप्ता गेला.

मीटिंगमध्ये बोलताना आवाज थरथरत होता. पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले प्रार्थना करू, आणि केली. यापुढे कुणाच्याही खाजगी नंबरवर अर्पण घ्यायचं नाही, नेट नसेल तर रोख घ्यायचं, दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची आणि सोमवारी बँकेत भरायचं असं ठरलं. खजिनदार बदलायचा का हे पुढच्या मीटिंगला ठरेल, मी म्हटलं जे ठरेल ते मला मान्य.

सेक्रेटरींनी पेन थांबवून विचारलं, रक्कम आणि तारखापण लिहू का? म्हटलं, लिहा.

बाहेर आलो तर मावशी थांबल्या होत्या, दुसरे 150 घेऊन, सगळ्या दहाच्या नोटा. सेक्रेटरींना हाक मारली, दोघांनी मोजले, पावती फाडली, दोघांनी सही केली.